पिकअपचा चेंबर : उतरवणे आणि बसवणे



आपल्या पालघर-बोईसर भागात पिकअप गाडी पाहिली नाही असा माणूस सापडणार नाही. सातपाटीहून मासळी निघते ती पिकअपमधून. घोलवडचे चिकू जातात ते पिकअपमधून. वाड्याचा तांदूळ येतो तोही पिकअपमधून. तारापूरला १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. बोईसरला कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा वेगळा जिल्हा झाला. माल वाढला, तशा गाड्याही वाढल्या. आज कित्येक घरांची चूल एका पिकअपच्या जोरावर पेटते.

पूर्वी घरात बैलजोडी असे. बैलाने वैरण सोडली की शेतकरी कामधाम टाकून त्याच्याजवळ बसे. गाडीलाही दुखणे असते. तीही आपले दुखणे सांगते. ते आपल्याला समजले पाहिजे. आजचा धडा गाडीच्या अशाच एका दुखण्याचा आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे. ती आधी सांगतो.

माझी चूक

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या साक्षरता वर्गाचा आरंभ संध्याकाळी पाच वाजता बोईसरला व्हायचा होता. पाट्या आणि पुस्तके वाड्याहून आणायची होती. आमच्या आळीतल्या एका तरुणाची पिकअप होती. कर्ज काढून घेतलेली. तो तांदूळ आणायला वाड्याला निघाला होता. मी त्याच्या शेजारी बसून गेलो.

परत येताना मनोर सोडले. वाघोबा घाट उतरलो. पुढे रस्त्यात पाणी साचले होते. खड्डा दिसला नाही. गाडीच्या पोटाला खालून दगड लागला. 'खाड्' असा आवाज झाला. थोडे पुढे आलो, तोच समोरच्या काचेखाली एक लाल दिवा पेटला. झारीचे चित्र होते, आणि झारीच्या तोंडाशी एक थेंब.

तो म्हणाला, "गुरुजी, लाल दिवा लागला बघा. थांबवू का?"

मी घड्याळ पाहिले. साडेचार वाजले होते. मी म्हणालो, "अरे, दिवा आहे, तो लागणारच. पालघर आलंच आता. चल."

गुरुजींचा शब्द! त्याने गाडी थांबवली नाही. चारेक किलोमीटर गेलो असू. इंजिनातून टकटक असा आवाज येऊ लागला. मग तो वाढला. मग एक गचका बसला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. किल्ली फिरवली तरी इंजिन हलेना. ते जाम झाले होते.

चेंबरला चीर गेली होती. सगळे ऑइल रस्त्यावर सांडले होते. तिथल्या तिथे थांबलो असतो, तर चेंबर, पॅकिंग आणि नवे ऑइल एवढ्यावर भागले असते. आता इंजिन उतरवावे लागले. क्रँकला कानस लागावी तशा रेघा उठल्या होत्या. बेअरिंगे जळाली होती. खर्च लाखाच्या घरात गेला. त्याच्या बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. तो मला एका शब्दानेही बोलला नाही. पण मी मनात म्हणालो, मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, तीस-पस्तीस वर्षे मुलांना वाचायला शिकवले, आणि मला एक चित्र वाचता आले नाही.

म्हणून मी त्या गॅरेजात जाऊन बसू लागलो. त्याच आठवड्यात तिथे दुसरी एक पिकअप आली. तिचाही चेंबर दगडाला लागून फुटला होता. पण तिच्या ड्रायव्हरने दिवा दिसताच गाडी बंद केली होती आणि दोरखंडाने ओढून आणली होती. शाळा त्याने चौथीतच सोडलेली. त्याला विचारले, तर म्हणाला, "माझ्या उस्तादाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं. झारी दिसली की किल्ली बंद."

त्या गाडीचे काम मी शेवटपर्यंत पाहिले. मिस्त्री सांगत गेले, मी वहीत लिहीत गेलो. तीच वही आता तुमच्यापुढे ठेवतो.

चेंबर म्हणजे काय?

इंजिनाच्या अगदी खाली एक पसरट भांडे असते. ते पुष्कळ बोल्टांनी इंजिनाला आवळलेले असते. गाडीच्या पुस्तकात त्याला ऑइल पॅन किंवा ऑइल संप म्हणतात. आपले मिस्त्री त्याला चेंबर म्हणतात. आपणही चेंबरच म्हणू.

बैलगाडीच्या कण्याला वंगण लागते. नाही घातले तर कणा करकरतो, झिजतो. इंजिनाचेही तसेच. इंजिनाचे ऑइल चेंबरमध्ये साठते. तिथे एक नळी बुडलेली असते. तिच्या तोंडाला जाळी असते. पंप या नळीने ऑइल ओढतो, फिल्टरमधून गाळतो आणि इंजिनाच्या अंगभर फिरवतो. काम झाले की ऑइल पुन्हा खाली चेंबरमध्ये पडते. असे चक्र चालूच राहते.

क्रँक आणि तिचे बेअरिंग यांच्यामधली फट आपल्या केसाएवढी किंवा त्याहूनही बारीक असते. त्या फटीत ऑइलचा पडदा असतो. लोखंड लोखंडाला टेकत नाही. ऑइल दाबाने येत राहिले तरच तो पडदा टिकतो. तो गेला की धातू धातूवर घासतो, तापतो आणि चिकटतो.

लाल झारीचा दिवा ऑइल किती आहे ते सांगत नाही. ऑइलचा दाब गेला, असे तो सांगतो. म्हणजे दिवा लागला तेव्हा नुकसान व्हायला सुरुवात झालेली असते. ही धोक्याची आगाऊ सूचना नव्हे. ही आरोळी आहे.

एक हिशेब करू. गाडी ताशी ४० किलोमीटर वेगाने चालली, तर ४ किलोमीटरला ६ मिनिटे लागतात. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर ६ मिनिटांत किती? १२,०००. मी "चल" म्हणालो, त्या एका शब्दाने इंजिन बारा हजार फेरे कोरडे फिरले.

आधी गळती कुठली ते शोधा

गाडीखाली ऑइल दिसले की लगेच चेंबर काढू नये. ऑइल वरून ओघळून चेंबरवर येते आणि वाटते की चेंबरच गळतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असे व्हायचे! म्हणून इंजिनाची खालची बाजू डिझेलने धुवावी, फडक्याने कोरडी करावी. रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवावा. सकाळी डाग कुठे पडला आणि ओल कुठून सुरू झाली ते पाहावे.

ओल वरच्या झाकणापासून येत असेल, तर दोष वरच्या पॅकिंगचा. खालच्या मोठ्या बोल्टापाशी थेंब असेल, तर बहुधा त्याचा वायसर गेला. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या जोडापाशी ओल असेल, तर क्रँकचे मागचे सील पाहावे. चेंबरच्या कडेने सगळीकडे ओल असेल, तर चेंबरचे पॅकिंग गेले. चीर किंवा भोक असेल तर ते दिसतेच.

चेंबर पोचा पडून आत दबला असेल, तर गळत नसला तरी तपासून घ्यावा. आतली जाळी तळापासून थोड्याच अंतरावर असते. तळ वर आला की जाळीचे तोंड दाबले जाते आणि पंपाला ऑइल पुरत नाही.

गाडीखाली जाण्यापूर्वी

मिस्त्रींनी मला पहिल्यांदा हेच सांगितले. "गुरुजी, चेंबर बाजारात मिळतो. माणूस मिळत नाही."

गाडी सपाट आणि कठीण जागेवर उभी करावी. पावसाने भिजलेल्या मातीत जॅक रुततो. हँडब्रेक ओढावा. गाडी गिअरमध्ये ठेवावी. मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी ठोकळे लावावे. मग जॅकने गाडी उचलावी आणि चासीखाली दोन्ही बाजूंना लोखंडी घोड्या लावाव्या. गाडीचा भार घोड्यांवर आला पाहिजे. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, एका मिनिटासाठीही जाऊ नये. विटा लावू नयेत, त्या भाराने फुटतात. घोड्या लावल्यावर बाहेर उभे राहून गाडीला हाताने चांगला धक्का द्यावा. गाडी डळमळली नाही, तरच खाली जावे.

जॅक चेंबरला लावू नये. चेंबर पत्र्याचा असतो किंवा ॲल्युमिनियमचा. तो गाडीचा भार घेण्यासाठी केलेला नाही.

बॅटरीची ऋण तार, म्हणजे उणे खुणेची, सोडून ठेवावी. तुम्ही खाली असताना कोणी चुकून किल्ली फिरवली तर इंजिन फिरणार नाही.

ऑइल काढणे

इंजिन कोमट असावे. कोमट ऑइल लवकर वाहते. पण गाडी नुकतीच लांबून आली असेल, तर तासभर थांबावे. गरम ऑइलने हात भाजतो.

खाली मोठे घमेले ठेवावे. चेंबरच्या तळाचा बोल्ट रिंग पान्याने सोडावा. बोल्टाच्या डोक्याकडे तोंड करून पाहावे आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवावे. गाडीखाली पाठीवर पडल्यावर डावे-उजवे उलटे वाटते. नवशिके इथेच फसतात आणि बोल्ट सोडण्याऐवजी आवळून आटे मारून ठेवतात.

ऑइल पडू लागले की त्याच्याकडे नीट पाहावे. डॉक्टर जीभ पाहतो, तसे. ऑइल नुसते काळे असेल तर काळजी नाही, डिझेल गाडीचे ऑइल काळे होतेच. पण उन्हात धरल्यावर चमकणारे कण दिसले, तर आतले बेअरिंग झिजत आहे. ऑइल दुधासारखे पांढरट असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. अशा वेळी नुसता चेंबर बदलून भागणार नाही. जाणत्या मिस्त्रीला दाखवावे.

चेंबर उतरवणे

चेंबरच्या वाटेत काय काय येते ते आधी पाहावे. खाली संरक्षक पत्रा असतो, तो काढावा. काही गाड्यांत स्टिअरिंगचा दांडा किंवा चासीची आडवी पट्टी मध्ये येते. काहींत इंजिनाचे फाउंडेशन ढिले करून इंजिन थोडे उचलावे लागते, तेव्हा कुठे चेंबर बाहेर येतो. तसे असेल तर ते काम एकट्याने करू नये. इंजिन उचलण्याची सोय असलेल्या गॅरेजातच करावे.

आता बोल्ट. मिस्त्रींनी एक पुठ्ठा घेतला, त्यावर चेंबरचा आकार काढला. जो बोल्ट जिथून निघाला, तो पुठ्ठ्यावर त्याच जागी भोक पाडून खोचला. मी विचारले, "असं का?" ते म्हणाले, "सगळे बोल्ट सारखे दिसतात, पण दोन-चार लांब असतात. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला, तर तळाला टेकतो. आपल्याला वाटतं घट्ट बसला, पण चेंबर ढिलाच राहतो."

सगळे बोल्ट आधी थोडे थोडे ढिले करावे. मग एकेक काढावा. चार कोपऱ्यांचे बोल्ट शेवटी ठेवावे, नाही तर चेंबर एकाएकी अंगावर पडतो.

बोल्ट निघाले तरी चेंबर चिकटून राहतो. जुने पॅकिंग धरून ठेवते. तिथे जाड पेचकस घुसवून उचकटू नये. पेचकसाने कडेला खाच पडते आणि पुढे तिथूनच गळती लागते. रंगाऱ्याची पातळ पट्टी कडेने हळूहळू सरकवावी. चेंबरच्या बाजूवर लाकडी हातोडीने हलके ठोके द्यावे. चेंबर सुटतो. आत थोडे ऑइल राहिलेले असते, म्हणून तो सपाट धरून खाली घ्यावा. आतल्या जाळीला अडकला तर ओढू नये. थोडा फिरवून काढावा.

आत काय दिसते?

तळाचा गाळ बोटांनी चाचपावा. लोहचुंबक फिरवावा. लोखंडाचे तुकडे चिकटले, तर इंजिन आत तपासावे लागेल. जाळी नीट पाहावी. त्या पिकअपच्या जाळीत रबरासारखे लाल धागे अडकले होते. मागच्या वेळी कोणी तरी सिलिकॉन भरमसाट लावले होते. जास्तीचे आत सांडले, सुटले आणि जाळीत जाऊन बसले. पंपाचा घसा निम्मा दाबला गेला होता.

फुटका चेंबर पुन्हा वापरता येतो का? पत्र्याचा असेल आणि चीर लहान असेल, तर ऑइलचा अंशही न ठेवता धुऊन वेल्डिंग करून घेता येते. ऑइल राहिले तर ते पेट घेते आणि जोडही टिकत नाही. ॲल्युमिनियमचा चेंबर तडकला असेल, तर तो बदलणे बरे. एम-सील लावणे किंवा साबण चोळणे हे गॅरेजपर्यंत ओढून नेईपर्यंतचे उपाय. त्यांवर भिस्त ठेवून माल भरू नये.

बसवणे

चेंबरची कड आणि इंजिनाची कड, दोन्हीकडचे जुने पॅकिंग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे. इंजिनाच्या बाजूला खरवडताना कचरा आत जाऊ देऊ नये. मग कडा कोरड्या पुसाव्या. ऑइलचे एक बोटही उमटता कामा नये. ओल्या कडेवर सिलिकॉन धरत नाही. जवळ विडी-काडी नको.

पत्र्याच्या चेंबरची कड बोल्टांच्या भोकांपाशी वर उचललेली असते, कारण पूर्वी कोणी जोर लावून आवळलेले असते. कड लाकडावर ठेवून हलक्या हाताने ठोकून सपाट करावी. वर पोलादी पट्टी ठेवून उजेड दिसतो का पाहावे.

आता एक तर पॅकिंग लावायचे किंवा सिलिकॉन. गाडीच्या पुस्तकात जे सांगितले असेल ते. सिलिकॉन असेल तर त्याची साधारण ३ मिलिमीटर जाडीची एकच सलग दोरी कडेवर ओढावी. बोल्टाचे भोक आले की दोरी भोकाच्या आतल्या बाजूने न्यावी. दोरी कुठे तुटू देऊ नये. थोडे जास्त लावले म्हणजे बरे, असे म्हणू नये. ते लाल धागे आठवावे.

सिलिकॉन लावल्यावर रेंगाळू नये, वर साय धरते. चेंबर वर धरून सगळे बोल्ट आधी हातानेच फिरवून बसवावे. मग पाना घ्यावा. मधल्या बोल्टांपासून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे जावे. एक डावीकडचा, एक उजवीकडचा, असे आलटून पालटून. एकाच फेरीत पक्के आवळू नये. दोन-तीन फेऱ्या कराव्या.

किती आवळावे? हे बोल्ट लहान असतात. पुष्कळ गाड्यांत १० नंबरचा पाना लागतो. अशा बोल्टाला साधारण १ किलोग्रॅम-मीटर जोर पुरतो. नक्की आकडा आपल्या गाडीच्या पुस्तकात पाहावा. १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे १ मीटर लांब पान्याच्या टोकाला १ किलोचा ओढा. पाना १० सेंटिमीटरचा असेल तर १० किलोचा ओढा लागेल. पाना २५ सेंटिमीटरचा असेल तर फक्त ४ किलोचा. पाहा, लांब पान्याने तेवढाच जोर लावला, तर बोल्ट अडीचपट आवळला जाईल. आटे जातील किंवा बोल्ट तुटून आत राहील. टॉर्क पाना मिळाला तर उत्तम. पुस्तकात न्यूटन-मीटर लिहिले असेल, तर १० न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १ किलोग्रॅम-मीटर समजावे.

शेवटी तळाचा बोल्ट नव्या वायसरसह बसवावा. ऑइल फिल्टरही बदलावा. नवे ऑइल जुन्या फिल्टरमधून पाठवणे म्हणजे धुतलेले पाय चिखलात ठेवणे.

ट्यूबवरची बारीक अक्षरे

चेंबर बसला. गाडीचा मालक घाईला आला होता. म्हणाला, "मिस्त्री, ऑइल भरा, मला रात्रीची मासळी आहे." मिस्त्री डबा उघडू लागले. मी सहज ती सिलिकॉनची ट्यूब उचलली. मागे बारीक अक्षरांत लिहिले होते की पूर्ण सुकायला २४ तास लागतात.

मी ते वाचून दाखवले. मिस्त्री गप्प झाले. त्यांना आकडे येत होते, पान्यांनीच शिकवले होते. अक्षरे येत नव्हती. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, वीस वर्षं काम करतोय. काही गाड्या महिनाभराने परत गळत यायच्या. मी ट्यूबला शिव्या द्यायचो. चूक ट्यूबची नव्हती."

त्या रात्री ऑइल भरले नाही. मालक कुरकुरला. मिस्त्रींनी त्याला मासळीसाठी ओळखीची दुसरी गाडी मिळवून दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑइल भरले. त्या चेंबरला पुढे थेंबाचीही ओल आली नाही.

मिस्त्रींना जे येत होते ते मला येत नव्हते. मला जे येत होते ते त्यांना येत नव्हते. दोघे शेजारी बसलो तेव्हा काम पुरे झाले.

ऑइल भरणे

डब्यावर "१५ डब्ल्यू ४०" असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ असा. डब्ल्यू हे थंडीचे अक्षर. त्याच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल कसे वाहते ते सांगतो. आकडा जितका लहान, तितके ते थंडीत सहज वाहते. नंतरचा आकडा गरम इंजिनात ऑइल किती दाट राहते ते सांगतो. आकडा मोठा तर ऑइल दाट. कोणता आकडा हवा आणि किती लिटर, ते गाडीच्या पुस्तकात असते. दुकानदार देईल ते घेऊ नये. पुस्तकातला आकडा कागदावर लिहून न्यावा आणि डब्यावरच्या आकड्याशी ताडून पाहावा.

सांगितल्यापेक्षा अर्धा लिटर कमी भरावे. थोडे थांबून मोजपट्टी पाहावी. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल वरच्या खुणेच्या पुढे जाऊ नये. बॅटरीची तार जोडावी. इंजिन सुरू करावे. लाल झारी काही सेकंदांत विझली पाहिजे. विझली नाही, तर लगेच बंद करावे. विझली, तर दोन मिनिटे चालू ठेवून बाहेरूनच खाली वाकून गळती पाहावी. इंजिन बंद करून दहा मिनिटांनी पुन्हा पट्टी पाहावी, कमी असेल तेवढे भरावे. नंतर शंभर किलोमीटर झाल्यावर आणखी एकदा पाहावे.

जुन्या ऑइलचे काय करायचे?

नाल्यात ओतू नये. नाला खाडीला मिळतो, खाडी समुद्राला. तारापूर पट्ट्यात सांडपाण्याने खाडीचे काय होते, ते मुरबे-नवापूरच्या मच्छीमारांना विचारा. सगळा दोष कारखान्यांना देऊन आपले घमेले गटारात रिकामे करणे बरे नव्हे. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते. झाकणाच्या डब्यात साठवावे आणि नोंदणी असलेल्या घेणाऱ्यालाच द्यावे. जखमेला किंवा अंगाला लावू नये. असे ऑइल कातडीला वरचेवर लागत राहिले, तर कॅन्सरचीही भीती असते. काम करताना हातमोजे घालावे, नंतर साबणाने हात धुवावे.

शेवटी

आमच्या आळीतला तो तरुण आता पुन्हा गाडी चालवतो. पाटल्या सुटायला दीड वर्ष लागले. तो आमच्या वर्गाला येतो. मिस्त्रीही येतात, दोघे एकाच बाकावर बसतात. त्याने शिकून पहिल्यांदा जे वाक्य लिहिले, ते कागदावर लिहून गाडीत स्टिअरिंगजवळ चिकटवले आहे. अक्षर वाकडे आहे, पण वाचता येते.

"झारी पेटली की थांब. कोणी काही म्हटले तरी थांब."

'कोणी' म्हणजे कोण, ते मला ठाऊक आहे.

अभ्यास

१. पुढील शब्द मोठ्याने वाचा आणि वहीत लिहा : चेंबर, वंगण, जाळी, पॅकिंग, वायसर, घोडी, मोजपट्टी.

२. उत्तरे सांगा :
(अ) लाल झारीचा दिवा काय सांगतो?
(आ) नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली का जाऊ नये?
(इ) काढलेले बोल्ट पुठ्ठ्यावर का खोचावे?
(ई) ऑइल दुधासारखे दिसले तर काय समजावे?

३. हिशेब करा :
(अ) इंजिन मिनिटाला १,५०० फेरे घेते. दिवा लागल्यावर गाडी ३ मिनिटे चालवली. किती फेरे कोरडे झाले?
(आ) इंजिनाला ६ लिटर ऑइल लागते. आधी अर्धा लिटर कमी भरायचे आहे. ५ लिटरचा एक डबा रिकामा केला. आणखी किती घालावे?

४. घरी किंवा शेजारी गाडी असेल तर ती बंद असताना किल्ली एक टप्पा फिरवायला सांगा, इंजिन सुरू करू नका. समोर जे दिवे लागतील त्यांची चित्रे वहीत काढा. प्रत्येक चित्राचा अर्थ विचारून शेजारी लिहा. पुढच्या वेळी वर्गात वाचून दाखवा.